सास्टीचे ख्रिस्तपुराण

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी गोव्याच्या सास्टी भागातली देवळे पाडली. कुठ्ठाळीच्या मंगेशाला भक्तांनी प्रियोळला नेले, केळशीच्या शांतादुर्गेला कवळ्याला. देव नदीपार नेता आले. पण बाटून गावातच राहिलेल्यांच्या पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या, आणि पुराणश्रवण सुटले.

दुःख एकाच बाजूचे नव्हते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. त्या पाच जेझुइटांचे मृतदेह मिळवून दफनाची व्यवस्था करण्यात पुढाकार होता तो १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचा. सास्टीतच त्यांचे उरलेले बहुतेक आयुष्य गेले.

त्यांनी रचलेल्या ख्रिस्तपुराण या ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की जुनी पुराणे बंद केलीत, तर आमच्यासाठी दुसरे पुराण का करीत नाही? ग्रंथाचे सारे प्रयोजन या प्रश्नात आहे. बंदी घालणाऱ्यांच्याच संस्थेतल्या माणसाने ही तक्रार रास्त मानली, हे त्याचे मोठेपण. १६१६ मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. 'पैले पुराण' सृष्टीच्या उत्पत्तीपासून, आदाम-एवेने नंदनवन गमावण्यापासून सुरू होते. 'दुसरे पुराण' येशूचा जन्म, दुःखभोग आणि पुनरुत्थान सांगते. कथा बायबलची असली, तरी ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या घराण्यातली आणि स्वर्गाचे नाव वैकुंठ. ज्यांचा गळा या छंदावर घडला होता, त्यांना नवा देव ओळखीच्या चालीत भेटला.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. १६४९ व १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. १६८४ मध्ये मात्र लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम निघाला. दुष्काळ, युद्धे आणि धर्मसमीक्षणाच्या (इन्क्विझिशनच्या) जाचामुळे कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडचे कॅथलिक श्रीरंगपट्टणाला बंदिवासात नेले. धर्मगुरू नाहीत, चर्च नाही, अशा पंधरा वर्षांत या ओव्यांनी श्रद्धा टिकवली, असे त्यांची परंपरा सांगते.

पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला आवृत्ती काढली, ती या ख्रिस्ती कुटुंबांनी राखलेल्या हस्तलिखितांवरूनच.