खिशातली विजेरी (नांदेड-लातूर परिसर)

खिशात, कमरेला किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून रोज बाळगता येईल असा, सेलवर चालणारा छोटा हातदिवा. ‘विजेरी’ हा शब्द पुस्तकातला. नांदेड-लातूरकडे बोलताना तिला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायच्या खऱ्या बॅटरीला सेल. त्यामुळे ‘बॅटरीतले सेल उतरले’ हे वाक्य इथे कोणाला खटकत नाही. शहरात टॉर्च, तर दखनी बोलणाऱ्या घरांत बत्ती हेही शब्द ऐकू येतात. बॅटरी लावत नाहीत, मारतात. खांद्याला पट्ट्याने अडकवायच्या मोठ्या चार्जिंगच्या बॅटऱ्या या नोंदीत घेतलेल्या नाहीत.

पूर्वपीठिका : हातात धरायचा उजेड या भागाला नवा नाही. माळेगावच्या (ता. लोहा) खंडोबाच्या यात्रेत दिवटी अजून दिसते, आणि मिरवणुकीपुढे ती धरणारा दिवट्या हा मानकरी होता. घरात चिमणी, गोठ्यात कंदील, लग्नात गॅसबत्ती अशी पुढची वाटणी होती. सेलवर चालणाऱ्या नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे पेटंट डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. त्या काळचे सेल इतके दुबळे होते की दिवा क्षणभर लावायचा आणि विझवायचा. तिकडचे तिचे ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या लुकलुकीवरूनच पडले.

भारतात खेडोपाडी पोचली ती एव्हरेडी. नऊच्या आकड्यातून उडी मारणारे मांजर आणि लाल सेल ही तिची ओळख. ही कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया म्हणून चालली. १९८४ मध्ये भोपाळला वायुगळती झाली तो कीटकनाशकाचा कारखाना याच कंपनीचा. १९९४ मध्ये मालकी बदलली आणि नाव पुन्हा एव्हरेडीवर आले. अलाहाबादची जीप, बडोद्याचे नोव्हिनो सेल आणि मद्रासचे निप्पो हे इतर परिचित छाप.

जुन्या दोन सेलच्या विजेरीची रचना अशी : पितळी किंवा पत्र्याची नळी, पुढे काच आणि चकचकीत वाटी, अंगठ्याने सरकवायची कळ, मागे स्प्रिंग असलेले झाकण. त्या झाकणात बहुधा एक जादा बल्ब कागदात गुंडाळून ठेवलेला असे. बल्बच्या मानेवर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असे कोरलेले असे, म्हणजे पाऊण वॉटच्या आसपास काम. उजेड दहा ल्यूमेन किंवा त्याहूनही कमी. सेल उतरले की ते उन्हात ठेवून चार दिवस आणखी काढण्याची घरोघर रीत होती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, संपलेली शक्ती परत येत नाही. बॅटरी पेटीत ठेवताना एक सेल उलटा घालायचा, म्हणजे कळ चुकून सरकली तरी सेल उतरत नाहीत, ही युक्तीही तेव्हा चालत असे.

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांच्या परिसरात किल्लारीचा भूकंप झाला. लोक आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनाहून परतून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर आली. मृतांचे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिले जातात. उजाडेपर्यंतचे तास ढिगाऱ्यांवर हाताला लागेल त्या उजेडात गेले. हिंगोली जिल्ह्यात मार्च आणि जुलै २०२४ मध्ये झालेले साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के नांदेडमध्येही जाणवले. निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की घरातली एक विजेरी उशाशी, ठरलेल्या जागी, अंधारात चाचपडून सापडेल अशी हवी. एरवी ती कपाटात जाते आणि मुलांच्या खेळण्यात संपते.

रात्रीची लाइट : या भागात लहान विजेरीचा सर्वांत मोठा ग्राहक शेतकरी आहे, आणि त्याचे कारण शेतीपंपांच्या वीजपुरवठ्याचे वेळापत्रक. महावितरण शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज आळीपाळीने देत आले आहे. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ ते दहा तास. हरभरा, ज्वारी, गहू यांचे पाणी ऐन थंडीत येते, आणि अर्धापूर भागातल्या केळी-हळदीला तर पाण्याचा खंड चालत नाही. लाइट रात्री बाराला आली की माणूस उठतो, विहिरीवर किंवा बोअरवर जातो, मोटर चालू करतो, मग दारं धरतो नाही तर तुषारचे पाइप हलवतो. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. जिथे दिवसा लाइट येऊ लागली तिथे ही नोंद तेवढी जुनी झाली म्हणायची.

या फेरीचा तपशील पाहिला की विजेरी कशी हवी ते आपोआप ठरते. एका हातात काठी असते, त्यामुळे विजेरी दुसऱ्या एकाच हाताने लागली-विझली पाहिजे. दोन हातांनी पीळ देऊन लावायची विजेरी बांधावर उपयोगाची नाही. स्टार्टरच्या पेटीशी पोचल्यावर दोन्ही हात लागतात. तेव्हा विजेरी काखेत जाते, मानेत धरली जाते किंवा सरळ दातांत पकडली जाते. पेटीचे दार बहुतेक वेळा तुटलेले, आत उघडी टोके, खाली चिखल आणि हात ओला. अशा ठिकाणी अॅल्युमिनियमची नळी उघड्या फेजला टेकली तर विजेरी आणि तिला धरणारा दोघेही विजेच्या वाटेत येतात. दुकानदार धातूचे अंग मजबूत म्हणून पुढे करतात. शेतावर नेणाऱ्याने प्लॅस्टिकचे किंवा रबराचे वेष्टन असलेले घ्यावे. डोक्याला पट्ट्याने बांधायची बॅटरी हा यावरचा नीट उपाय आहे, आणि अलीकडे ती आठवडी बाजारातही मिळते. ती बांधून गावातून जायला काहींना संकोच वाटतो.

सर्पदंश : भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, आणि भारताने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. रात्री पायी जाताना उजेड वापरा, ही सूचना संघटनेच्या मार्गदर्शनात आहेच. नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथील डॉ. दिलीप पुंडे हे सर्पदंशावरील उपचारांसाठी ओळखले जातात. 

महाराष्ट्रात जीव घेणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. विजेरीचा संबंध विशेषतः मण्यार आणि घोणस यांच्याशी. घोणस रात्री वाटेच्या कडेला वेटोळे घालून बसते, आणि अंगावरच्या साखळीसारख्या ठिपक्यांमुळे वाळक्या पाचोळ्यात मिसळून जाते. पिवळट, मंद उजेडात ती दोरखंडाचा गुंडाळा वाटते. सापाच्या डोळ्यांत बैल-कुत्र्यांसारखा परावर्तक पडदा नसतो. डोळे चमकतील आणि मग थांबू, असे धरून चालणे धोक्याचे. अंग दिसेल एवढा उजेड पायाशीच हवा. मण्यार घरात शिरते, खाली झोपलेल्याला चावते, आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही. तिच्या विषाने पापण्या जड होऊन पडू लागतात, पुढे श्वास अडकतो. दवाखान्यात डॉक्टर खिशातून पेनाएवढी विजेरी काढून पापण्या आणि बाहुल्या पाहतात. या विषात बाहुल्यांनी उजेडाला प्रतिसाद दिला नाही, तरी तेवढ्यावरून रुग्ण गेला असे ठरवत नाहीत. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंगणात किंवा जमिनीवर झोपणाऱ्या घरांत अंथरूण झटकायला आणि रात्री उठताना पाय टेकण्याआधी खाली पाहायला लागणारी विजेरी छोटीच पुरते. फक्त ती उशाशी असावी लागते.

पिकांत शिरणारी रानडुकरे उजेडाने पळतात का, लुकलुकणाऱ्या उजेडाने जास्त पळतात का, यावर राखणदारांत एकमत नाही.

उजेडाचे आकडे : खोक्यावर छापलेले ल्यूमेन म्हणजे विजेरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा उजेड. कँडेला हे एका दिशेतल्या उजेडाचे माप. अमेरिकेत २००९ मध्ये ठरलेल्या एफएल-१ मानकानुसार ‘पल्ला’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेचे चांदणे. हे अंतर कँडेलाच्या वर्गमुळाच्या दुपटीइतके मीटर येते. २,५०० कँडेलाच्या विजेरीचा पल्ला १०० मीटर. म्हणजे शंभर मीटरवर चांदण्याइतके दिसते, आणि चांदण्यात कोणी घोणस शोधत नाही. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. त्याच मानकात ‘किती तास चालते’ हा आकडा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. खोक्यावरच्या पाच तासांतला मोठा भाग त्यामुळे मिणमिणताही असू शकतो.

लांबवर एकच झोत फेकणारी विजेरी दुकानात भिंतीवर मारून पाहिली की छान वाटते. बांधावर तिचा उपयोग कमी : मधला ठिपका डोळे दिपवतो आणि बाजूचे काही दिसत नाही. एकदा दिपलेला डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे घेतो. पायवाटेला रुंद, पसरट उजेड हवा, आणि सर्वांत कमी टप्पा खरोखर कमी हवा. घरात झोपलेल्यांना न उठवता पाण्याच्या माठापर्यंत जायला चार-पाच ल्यूमेन पुरतात. लातूरला ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी आलेली मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात; तिथे या टप्प्याची किंमत लगेच कळते.

जुन्या बल्बची जागा घेणारा, पांढरा प्रकाश देणारा एलईडी १९९०च्या दशकात आला. त्यामागच्या निळ्या एलईडीसाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सेल : निवडीत खरा प्रश्न हाच. मोठा सेल ३४ मिलिमीटर जाडीचा, तो खिशात मावत नाही. पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए, साडेचौदा मिलिमीटर जाड आणि पन्नास मिलिमीटरच्या किंचित वर लांब. त्याहून लहान तो ट्रिपल ए. लिथियमच्या १८६५० सेलचे नावच त्याचे माप आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी. तो जोरदार उजेड देतो, पुन्हा चार्ज होतो. पण गावातल्या किराणा दुकानात मिळत नाही. तिथे पेन्सिल सेल मिळतो, रात्री आठलाही मिळतो, आणि घड्याळातून किंवा रिमोटमधून काढूनही घालता येतो. एका पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी या भागासाठी सर्वांत कमी त्रासाची, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. यूएसबीवर चार्ज होणाऱ्यांचा पक्ष घेणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की विजेरीची सर्वांत जास्त गरज लाइट गेलेल्या रात्रीच पडते.

१८६५० घ्यायचाच तर सेलवरचा आकडा वाचावा. या आकारात साडेतीन हजार एमएएचच्या आसपासची क्षमता चांगली मानतात. बाजारात ९,९०० छापलेले सेल मिळतात. तेवढे त्या डबीत बसत नाही.

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ च्या वर जातो आणि मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहून जास्त. तिथे ठेवलेले साधे सेल फुगतात, पाझरतात, आणि त्यांचा पांढरा-हिरवा क्षार स्प्रिंग खातो. लिथियमचा सेलही अशा उष्णतेत लवकर म्हातारा होतो. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत.

मोबाइल : २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० च्या डोक्यावर विजेरी होती आणि हा फोन जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला. खिशातल्या विजेरीचा धंदा तेव्हापासून उतरला असे दुकानदार सांगतात. हल्लीच्या स्मार्टफोनचा उजेड पसरट असतो, पायवाटेला तसा बरा. पण तो ओल्या हाताने लागत नाही, दातांत धरता येत नाही, आणि विहिरीत पडला तर सोबत नंबर, पैसे, फोटो घेऊन पडतो.

विंचू : विंचवाचे कवच अतिनील उजेडात हिरवट-निळे चमकते. अतिनील विजेरीने अंधाऱ्या खोलीत दगडी भिंतीच्या फटीतला विंचू काही फुटांवरून दिसतो. साध्या उजेडात तोच लाल विंचू विटकरीच्या रंगात हरवतो. ही दुसरी विजेरी झाली. पहिलीऐवजी घेण्याची नव्हे. तिच्याकडे सरळ पाहू नये.

किल्ले व लेणी : औसा, उदगीर, कंधार, माहूर हे किल्ले आणि औशाजवळची खरोशाची लेणी पाहताना उपयोगी. लेण्यांत झोत मूर्तीवर समोरून न मारता बाजूने मारल्यास कोरीवकाम उठून दिसते.

पाणी : आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसते, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

खिशात पेटणे : जोरदार विजेरी खिशात चुकून लागली तर कापड करपते. मागचे झाकण पाव फेरा सैल केले की अनेक विजेऱ्यांचा प्रवाह तुटतो.

विमानप्रवास : सुटे लिथियम सेल हातातल्या सामानात न्यावेत, टोके झाकून.