पुलाचा पाय आणि कॅमेऱ्याची काच

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. खाऱ्या हवेने त्याला लवकरच ग्रासले, दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. पुलाच्या वरच्या भागाला गेलेले तडे डोळ्यांना दिसतात. पाण्याखालच्या खांबाचे काय?

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा जन्म नेमक्या याच प्रश्नातून झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. इंग्लंडमधील वेमथ येथे विल्यम थॉम्पसन नावाचे वकील होते. वादळी दिवशी एक पूल पाहताना, त्याचे पाण्याखाली किती नुकसान झाले असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. १८५६ मध्ये त्यांनी काच लावलेल्या पेटीत कॅमेरा ठेवून तो वेमथच्या उपसागरात सुमारे १८ फूट खोल सोडला. पेटीत पाणी शिरले, तरीही काचपट्टीवर तळाचे अंधुक चित्र उमटले. पूल आणि धक्के स्वस्तात तपासण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडेल, असे थॉम्पसन यांनी लिहून ठेवले. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ स्वतः पाणबुड्याचा पोशाख घालून भूमध्य समुद्रात उतरले. त्यांची काही छायाचित्रे घ्यायला अर्धा-अर्धा तास लागे!

कॅमेरा कोरडा राहिला तरी अडचण संपत नाही. पाणी आणि भिंग यांच्यामध्ये काच असतेच. छायाचित्रकार तिला 'पोर्ट' म्हणतात (न्हावा-शेव्याच्या पोर्टशी तिचा संबंध नाही). ही काच सपाट असेल, तर पाण्यातून पेटीतल्या हवेत येणारे तिरपे किरण वक्रीभवनामुळे लंबापासून दूर वळतात. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. म्हणून वस्तू तीन-चतुर्थांश अंतरावर भासते आणि दृश्याचा कोन आक्रसतो. हवेत ७५ अंश टिपणारे भिंग पाण्यात जेमतेम ५४ अंश टिपते. भिंग कितीही रुंद कोनाचे घेतले, तरी सपाट काचेतून ९७ अंशांपलीकडचे काही दिसणार नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी क्रांतिक कोनावरून हा आकडा जरूर काढून पाहावा. शिवाय कडांना रंगांच्या झालरी येतात त्या वेगळ्याच.

अलेक्झांडर इवानोव्ह यांनी १९५० च्या दशकात जादा भिंगे जोडून हे दोष सुधारले. १९६३ मध्ये आलेल्या 'निकोनॉस' कॅमेऱ्यासाठी तर थेट पाण्याला टेकणारी भिंगे बनवली गेली. त्यांतले २८ मिलिमीटरचे भिंग हवेत चांगले चित्र देतच नाही, कारण पाणी हा त्याच्या रचनेचाच भाग आहे.

दुसरा उपाय घुमटाकार काचेचा. घुमटाच्या केंद्राकडे येणारे किरण काचेला लंब असतात, त्यामुळे ते वळत नाहीत आणि भिंगाचा मूळ कोन टिकतो. मात्र हवेने भरलेला घुमट पाण्यात अंतर्गोल भिंगासारखा वागतो. त्याची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल, तर अनंत अंतरावरच्या वस्तूचीही आभासी प्रतिमा काचेपुढे अवघ्या ३० सेंटिमीटरवर पडते. इतक्या जवळ केंद्रित न होणारे भिंग घुमटामागे निरुपयोगी. वर्गात रिकामा, गोल बुडाचा चंबू बादलीतल्या पाण्यात दाबून धरा आणि त्याच्या तोंडातून तळावरचे नाणे पाहा. ते लहान दिसेल.

आता वाशीच्या खांबाकडे वळू. ठाणे खाडीत भरती-ओहोटी गाळ सतत ढवळत असते. खांबाची एक मीटर रुंदी टिपायला ५४ अंशांच्या भिंगाला सुमारे एक मीटर मागे राहावे लागते, ९४ अंशांच्या भिंगाला अर्धा मीटर पुरतो. समजा, एक मीटर पाण्यातून चौथा हिस्सा प्रकाश पार होतो. मग अर्ध्या मीटरमधून निम्मा होईल. म्हणून गढूळ पाण्यात घुमट आणि रुंद कोनाचे भिंग हीच जोडी घ्यावी, असे मला वाटते. सपाट काच लहानशा जिवांच्या जवळच्या छायाचित्रांसाठी राखावी. तिथे वस्तू मोठी दिसणे फायद्याचेच असते.

पाणी फारच गढूळ असेल, तर पूल तपासणारे पाणबुडे स्वच्छ पाण्याने भरलेली पारदर्शक पेटी कॅमेऱ्यापुढे धरतात आणि तिची दुसरी बाजू काँक्रीटला टेकवतात. मधला गाळ बाजूला सरतो आणि स्वच्छ पाण्यापलीकडे खांबावरची भेग दिसू लागते.