कात्रजच्या बोगद्यातून पायी

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दोन तट होते, कोकणी आणि घाटी. आम्ही सातारा जिल्ह्यातले, म्हणजे घाटी. भांडणात हा शब्द शिवीसारखा यायचा. पण घाट कोणता, हे कुणी विचारत नसे. गावी जाताना आम्हांला तीन घाट लागत : बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी. त्यांतल्या कात्रजच्या बोगद्यापाशी, रात्रीच्या एस.टी.त, वडील मला हलवून जागे करत. "ऊठ, बोगदा आला." त्यांच्या लेखी गाव तिथूनच सुरू होई.

गेल्या हिवाळ्यात तो बोगदा मी प्रथमच पायी पार केला. पुण्याच्या बाह्यवळणावर आता एक किलोमीटरहून लांब असा नवा जोडबोगदा आहे. जड वाहतूक तिकडून जाते. जुन्या सातारा रस्त्यावरचा ब्रिटिशकालीन बोगदा मात्र अजून वापरात आहे. कडेकडेने चालावे लागते, हॉर्नचा आवाज आत दुप्पट होतो आणि काही मिनिटांत तुम्ही डोंगराच्या दक्षिणेला असता. मागे मुठेचे खोरे, पुढे शिवगंगेचे.

हा डोंगर मराठीत एका वाक्प्रचाराने अमर झाला आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शायिस्ताखानावर छापा घातला. परंपरा सांगते, की पाठलाग करणाऱ्या मोगलांना चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटवले होते. फौज उजेडामागे दक्षिणेला धावली आणि महाराज पश्चिमेला सिंहगडाकडे निघून गेले. तेव्हापासून फसवणे म्हणजे 'कात्रजचा घाट दाखवणे'.

ही युक्ती जगाच्या इतिहासात एकटी नाही. इ. स. पूर्व २१७ मध्ये इटलीत हॅनिबल एका खोऱ्यात कोंडला गेला होता आणि बाहेर पडण्याची खिंड फेबियसच्या रोमन सैन्याने धरली होती. त्याने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना काटक्यांच्या मोळ्या बांधून पेटवल्या आणि रात्री त्यांना डोंगरावर हाकलले. खिंडीतले पहारेकरी उजेडाकडे धावले आणि त्याचे सैन्य निसटले. पॉलिबियस आणि लिव्ही या दोघांनी ही हकीकत लिहिली आहे. दोन्ही गोष्टींना एकच गोष्ट लागते : वाट अरुंद हवी, आणि अंधारात तिच्यावर कोण चालले आहे हे लांबून कळता कामा नये. कात्रजचा घाट तसा होता. पायी माणसांची आणि लादलेल्या बैलांची ती वाट होती.

घाटाच्या पुण्याकडच्या पायथ्याशी कात्रजचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी इथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ नेला, माणूस आतून चालू शकेल एवढा. वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले. या डोंगराखालचा पहिला बोगदा म्हणायचा तर तो पाण्याचा.

गाडीवाट आली ती इंग्रजांची गरज म्हणून. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. पुढे फौज, टपाल आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणारे साहेब यांच्यासाठी पुणे-सातारा रस्ता महत्त्वाचा ठरला. कात्रजच्या माथ्याखालून बोगदा गेला तो याच अमदानीत. १८५४ मध्ये मुंबईत ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि साहेबांसाठी केलेल्या रस्त्याने उलट दिशेला माणसे वाहू लागली. शेतीवर भागत नसलेल्या घरातला एक जण मुंबईला, बाकीचे गावी. काळाचौकी, लालबाग, परळ अशी भरली.

डोंगर फोडणाऱ्यांची आठवण मात्र कुठल्याच वाक्प्रचारात नाही. बोरघाटाच्या रेल्वेचे उदाहरण घ्या. १८६३ मध्ये ती पुरी झाली. पंचवीस बोगदे, आणि १८६१ च्या सुमारास कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, कंत्राट पुरे केले. तिचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. पटकीने आणि अपघाताने मेलेल्या हजारोंची फक्त संख्या उरली, तीही अंदाजाची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. चाळीच्या गॅलरीत तेव्हा एकच वाक्य ऐकू येई : "आपल्याला कात्रजचा घाट दाखवला." कुणी दाखवला, यावर मात्र एकमत नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही खोली सोडून गावी निघालो. पायांशी ट्रंक होती. त्या रात्री बोगदा आला तेव्हा वडिलांनी मला उठवले नाही. मी जागाच होतो. ते खिडकीबाहेर बघत होते.

परवा बोगद्याबाहेर आल्यावर वर वाघजाईच्या देवळाकडे सिंहगडाच्या वाटेला निघालेली तरुण मुले दिसली. त्यांतल्या एकाने विचारले, "काका, पलिते कुठे लावले होते?" मी डोंगर दाखवला. मग त्यांना बोगद्याचे तोंडही दाखवले आणि म्हटले, "या बाजूने माझे वडील मुंबईला गेले, आणि याच बाजूने परत आले."