डेटाबेस आणि आर : मधला पूल आणि रिकाम्या जागा

संशोधनाच्या पहिल्या वर्षातच एक काम समोर येतं. माहिती डेटाबेसमध्ये आहे, विश्लेषण मात्र 'आर' किंवा पायथनमध्ये करायचंय. चार ओळी लिहिल्या की जोडणी होते. पण ही साधनं वेगवेगळ्या घरांत वाढलेली आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पहिलं घर डेटाबेसचं. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती आत कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये, हा त्यांचा आग्रह. पुढे आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा तयार केली, तीच आजची एसक्यूएल. नोंदी नीट सांभाळणं आणि हव्या तेव्हा काढून देणं, हे तिचं काम.

दुसरं घर संख्याशास्त्राचं. १९७६ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' ही भाषा सुरू केली. तिच्याच वळणावर ऑकलंडमध्ये इहाका आणि जेंटलमन यांनी आर घडवली. इथे माहिती मेमरीत घेऊन तिच्याशी खेळायचं असतं.

या दोन घरांमध्ये ये-जा अवघड होती, कारण प्रत्येक डेटाबेसची बोलण्याची पद्धत निराळी. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं. कल्पना साधी : विश्लेषणाच्या साधनाने एकाच ठरावीक पद्धतीने बोलायचं आणि प्रत्येक डेटाबेससाठीच्या ड्रायव्हरने ते त्याच्या भाषेत सांगायचं. पायथनमध्येही १९९९ मध्ये अशीच एक समान पद्धत ठरली.

पण ड्रायव्हर माहिती पोचवतो, तिच्याकडे बघण्याची नजर नाही पोचवत. समजा, चार विद्यार्थ्यांचे गुण आहेत : ४०, ५०, ६० आणि एक जागा रिकामी. एसक्यूएलला सरासरी विचारा, ती रिकामी जागा गुपचूप वगळून ५० सांगेल. तोच कॉलम आरमध्ये आणून सरासरी काढा, उत्तर येईल 'एनए', म्हणजे सांगता येत नाही. वगळायचं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. पायथनचं पांडाज पुन्हा ५० म्हणतं. रिकाम्या जागी कोणी शून्य भरलं असेल, तर तीच सरासरी ३७.५ होते.

इथे चूक कोणाचीच नाही. पण प्रबंधात कुठला आकडा जाणार, हे गणित पुलाच्या कुठल्या बाजूला केलं यावर ठरतं. म्हणून जोडणी झाल्यावर आधी डेटाबेसमध्ये दोन गोष्टी मोजा : एकूण ओळी किती, आणि त्या कॉलममध्ये भरलेल्या जागा किती. माहिती आणल्यावर तेच दोन आकडे पुन्हा जुळवून बघा. आणि रिकाम्या जागांचं काय केलं, ते पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात लिहून ठेवा. व्हायव्हात हा प्रश्न आला, तर उत्तर तयार असेल.