अक्रोडाआधीचे वॉल्डॉर्फ

न्यूयॉर्क शहरात फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि तेहतिसावा रस्ता जेथे एकमेकांस मिळतात त्या कोपऱ्यावर आज एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे, आणि तिच्या शिखराकडे पाहण्यात प्रवाशाची दृष्टी इतकी गुंतून राहते की तिच्या पायाच्या जागी पूर्वी काय होते याची चौकशी करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तेथे १८९३ पासून १९२९ पर्यंत एक हॉटेल होते. त्याच्या भोजनगृहांत अमेरिकेतील धनिकांची दोन पिढ्यांची मिरवणूक होऊन गेली. आणि पुढे त्या वास्तूच्या भिंती, झुंबरे व संगमरवरी जिने जमीनदोस्त झाल्यावर, ज्यांनी ते हॉटेल कधी पाहिले नाही अशा कोट्यवधी लोकांच्या घरात त्याचे नाव जिवंत ठेवण्याचे काम सफरचंद, सेलरी आणि मेयोनेझ यांच्या एका साध्या सॅलडाकडे आले. वॉल्डॉर्फ सॅलड म्हणून जे आज ओळखले जाते त्यात अक्रोड असतो, आणि अक्रोड नसेल तर कोणताही जाणता माणूस त्याला वॉल्डॉर्फ म्हणणार नाही. परंतु ज्या ग्रंथात त्याची कृती प्रथम प्रसिद्ध झाली त्यात अक्रोडाचा उल्लेख नाही. या सॅलडाची मूळ सामग्री स्वयंपाक्याच्या प्रतिभेपेक्षा हॉटेलच्या कारभाराने ठरवली आणि पुढची भर बाजारपेठेने घातली, असे माझे मत आहे.

हॉटेलची उभारणी व्यापारी दूरदृष्टीइतकीच भाऊबंदकीतूनही झाली. हायडेलबर्गजवळच्या वॉल्डॉर्फ या जर्मन गावी १७६३ साली जन्मलेला खाटकाचा मुलगा जॉन जेकब अ‍ॅस्टर अमेरिकेत येऊन कातड्यांच्या व्यापारात व नंतर न्यूयॉर्कच्या जमिनीत अमर्याद संपत्ती मिळवून गेला. त्याचा पणतू विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर याला हा जन्मगाव-वारसा मधल्या नावात मिळाला होता. ‘मिसेस अ‍ॅस्टर’ या बिरुदावर कुटुंबातील कोणत्या सुनेचा हक्क, हा प्रश्न विल्यमची पत्नी आणि त्याची चुलती कॅरोलाइन यांच्यात इतका विकोपाला गेला की न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजाने चुलतीच्या बाजूने कौल दिल्यावर विल्यमने आपल्या वडिलांचा वाडा पाडून, तिच्या दाराला लागून, तेरा मजल्यांचे हॉटेल बांधायला काढले, आणि स्वतः इंग्लंडला जाऊन राहिला. हेन्री हार्डनबर्ग हा त्याचा वास्तुविशारद. शेजारी अहोरात्र गाड्यांची वर्दळ आणि परक्यांचा राबता सुरू झाल्यावर चुलतीला आपले घर सोडून शहराच्या वरच्या भागात जावे लागले. तिच्या मुलाने, म्हणजे चौथ्या जॉन जेकब अ‍ॅस्टरने, त्या रिकाम्या जागी १८९७ साली अ‍ॅस्टोरिया नावाचे आणखी उंच हॉटेल बांधले आणि दोन्ही इमारती जोडून टाकल्या. समेट झाला, पण विश्वास बसला नव्हता. जोडणारे मार्ग वेळ पडल्यास भिंत घालून बंद करता येतील, अशी तजवीज करारातच करून ठेवलेली होती. पुढे १९१२ साली हा जॉन जेकब टायटॅनिक जहाजाबरोबर बुडाला, आणि त्या अपघाताची अमेरिकन सेनेटची चौकशी ज्या जागी सुरू झाली ती याच वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियातील दालने होती.

१८९३ च्या मार्चमध्ये, म्हणजे त्याच वर्षीच्या मोठ्या आर्थिक संकटाच्या उंबरठ्यावर, हॉटेलचे उद्घाटन एका बालरुग्णालयाच्या मदतीसाठी केलेल्या संगीत समारंभाने झाले. व्यवस्थापक होता जॉर्ज बोल्ट, प्रशियातून आलेला, फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू हॉटेलात नाव कमावलेला. आणि भोजनगृहाचा प्रमुख होता ऑस्कर चिर्की. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या घड्याळे बनवणाऱ्या गावी १८६६ साली जन्मलेला हा मुलगा, ब्रुकलिनचा पूल खुला झाला त्या १८८३ सालीच न्यूयॉर्कला येऊन पोहोचला होता. हॉफमन हाउसमध्ये उष्टी ताटे उचलण्यापासून सुरुवात करून तो डेल्मोनिकोसारख्या विख्यात खानावळीत चढत गेला आणि वॉल्डॉर्फ उघडताना बोल्टच्या हाताखाली आला. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘वॉल्डॉर्फचा ऑस्कर’ म्हणून ज्याची कीर्ती झाली तो स्वयंपाकी नव्हता. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत मुदपाकखान्याची गणना होत असे, आणि त्याच्या सामानाची आवकजावक पाहणारा, हिशेब ठेवणारा अंमलदार चुलीपुढचा आचारी नसून कारखानीस असे. ऑस्करचे स्थान त्या कारखानिसाचे होते, फरक इतकाच की पाहुण्यांची सरबराईही त्याच्याच दिमतीस होती. कोणत्या पाहुण्याला कोणत्या मेजावर बसवायचे, कोणाच्या शेजारी कोणाला बसवता कामा नये, आणि कोणाच्या पसंतीचे मद्य हुकूम होण्याआधीच आणून ठेवायचे, हे सारे तो बिनचूक जाणत असे.

असा माणूस एखादा पदार्थ निर्माण करतो तेव्हा त्यात अग्नीचे काम नसते. असते ती निवड, प्रमाण आणि मांडणी. १८९६ साली त्याच्या नावाने सुमारे नऊशे पृष्ठांचा पाकग्रंथ प्रसिद्ध झाला. सूप, मासे, शिकारीची पाखरे, सॉस, पुडिंगे यांच्या त्या अफाट दप्तरात आमच्या सॅलडाला जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत: दोन कच्ची सफरचंदे सोलून त्यांच्या अर्ध्या इंचाच्या फोडी कराव्यात, सेलरीही तशीच चिरून त्यात मिसळावी, सफरचंदाची बी आत जाऊ देऊ नये, आणि चांगले मेयोनेझ घालावे. एवढेच. उद्घाटनाच्या प्रसंगीच हे सॅलड वाढले गेले अशी परंपरा सांगतात; तिच्या खरेखोटेपणावर फार अवलंबून नाही, कारण पदार्थाचे नाव झाले ते मेजवानीमुळे नव्हे, या चार ओळी कोणत्याही गृहिणीला वाचता आल्या म्हणून. त्या जाडजूड ग्रंथातील गुंतागुंतीचे पदार्थ काळाच्या उदरात गेले. ज्याला आचारी लागत नव्हता तो तगला.

मात्र त्या काळी या चार ओळींतला साधेपणा फसवा होता, हे सेलरीकडे पाहिले म्हणजे कळते. आज महात्मा फुले मंडईत परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर हिरव्यागार सेलरीच्या जुड्या रचून ठेवलेल्या दिसतात, त्यावरून एकोणिसाव्या शतकातील सेलरीची कल्पना येणार नाही. ही मूळची दलदलीच्या काठची वनस्पती, चवीला उग्र आणि कडवट. तिचे दांडे कोवळे, पांढुरके व गोड व्हावेत म्हणून तिला चरात लावून, ती वाढेल तसतशी तिच्याभोवती मातीची भर चढवून, उन्हापासून झाकून ठेवावे लागे. पाण्याची हयगय चालत नसे, मातीत दगड चालत नसे, आणि एकेका रोपाची अशी बरदास्त राखण्यात किती मजुरी जाई हे सांगायला नको. त्यामुळे सेलरी ही प्रतिष्ठेची वस्तू होती: श्रीमंतांच्या मेजावर तिचे दांडे उंच काचेच्या फुलदाणीसारख्या पात्रात उभे करून मांडीत, आणि मोठ्या हॉटेलांच्या पदार्थपत्रिकेत तिला स्वतंत्र ओळ असे. मिशिगनमधील कॅलमझू येथे डच वसाहतकऱ्यांनी काळ्या दलदलीच्या जमिनी निचरून सेलरीची शेते उभी केली आणि रेल्वेने ती दूरदूरच्या शहरांत पोहोचू लागली, तेव्हा ही प्रतिष्ठा प्रथम मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. वॉल्डॉर्फचे सॅलड नेमके या संधिकाळात जन्मले. सेलरी अजून मान राखून होती, पण दुर्मीळ राहिली नव्हती. सफरचंद तर अमेरिकेत कोणाच्याही परसात होते. महाग आणि स्वस्त यांची ही जोडी ज्याला सुचली त्याला पाहुण्याचे मन आणि खरेदीची वही या दोहोंची पारख असली पाहिजे.

तिसरा घटक मेयोनेझ. अंड्याच्या बलकात तेल थेंबाथेंबाने घालीत, हात न थांबवता घोटत राहावे लागते. बलकातील लेसिथिनमुळे तेलाचे सूक्ष्म कण आंबट रसात तरंगत राहतात आणि दाट मलईसारखा पदार्थ तयार होतो, पण घाई झाली की तेल वेगळे होऊन सारी मेहनत वाया जाते. ज्या हॉटेलच्या तळघरात माणसांची पलटण राबत होती तेथे ही अडचण नव्हती. सामान्य घरात होती. ती दूर केली रिचर्ड हेलमन या जर्मन माणसाने. १९०५ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये खाद्यपदार्थांचे दुकान काढले, तेथे घरगुती मेयोनेझला इतकी मागणी आली की १९१२ च्या सुमारास तो ते काचेच्या बरण्यांत भरून विकू लागला, आणि थोड्याच वर्षांत त्याचे कारखाने झाले. बरणी उघडली की वॉल्डॉर्फ अर्धे झाले, अशी स्थिती आली.

मग अक्रोड कोठून आला? बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मरबाईंचा प्रसिद्ध ग्रंथही १८९६ चाच. त्याच्या १९१८ च्या आवृत्तीत वॉल्डॉर्फ सॅलड सफरचंदाच्या पोकळ केलेल्या सालीत भरून, वर त्याच सफरचंदाची टोपी ठेवून वाढण्याची सूचना आहे, पण सामग्री तीच, सफरचंद आणि सेलरी. १९२८ साली रेक्टर यांच्या पाकग्रंथात येईपर्यंत अक्रोडाने आपले आसन पक्के केलेले दिसते. या दहा वर्षांत कोणा आचाऱ्याला साक्षात्कार झाला असे मानण्यापेक्षा कॅलिफोर्नियाकडे पाहावे. स्पॅनिश मिशनऱ्यांनी तेथे आणलेल्या अक्रोडाची पुढे सांता बार्बरा परिसरात मोठ्या प्रमाणावर लागवड झाली, १९१२ साली बागायतदारांनी सहकारी संघ स्थापन केला, आणि संघ म्हटला की माल खपवण्याची खटपट आलीच. जाहिरातीच्या पानांतून, पाककृतींच्या पुस्तिकांतून अक्रोड केकमध्ये, मिठाईत आणि सॅलडांत शिरू लागला. त्याची मूळ पाककृतीच्या गोटात वहिवाट अशी सिद्ध झाली की पुढच्या पिढीला तो मूळचाच वाटू लागला.

आणि मला म्हणावेसे वाटते की बाजाराने येथे न्याय केला. सफरचंदाचा आंबटगोडपणा, सेलरीचा कुरकुरीत उग्रपणा आणि मेयोनेझचा स्निग्धपणा या तिघांत ज्याची उणीव होती तो किंचित तुरट खमंगपणा अक्रोडाच्या पातळ सालीतील टॅनिनने भरून काढला. पुढे त्यात द्राक्षे आली, त्यांना आक्षेप नाही. मनुका आल्या, त्या सोसता येतील. परंतु शतकाच्या मध्यावर अमेरिकन घरांत साखरेचे मऊ मार्शमेलो त्यात टाकण्याची किंवा सगळेच लिंबाच्या जेलीत थिजवण्याची जी टूम निघाली तिच्याबद्दल मौन बरे.

जुने हॉटेल ३ मे १९२९ रोजी बंद झाले. दारूबंदीने त्याच्या भोजनगृहांचा कणाच मोडला होता आणि शहराचा शिष्ट समाज उत्तरेकडे सरकला होता. पार्क अ‍ॅव्हेन्यूवर १९३१ च्या ऑक्टोबरात नवे वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया उघडले तेव्हा ऑस्कर तेथेही रुजू झाला, १९४३ पर्यंत कामावर राहिला आणि १९५० साली वारला. सॅलडाला तोवर हॉटेलची गरज उरली नव्हती. कोल पोर्टरने १९३४ साली रंगभूमीवरच्या एका गाण्यात उत्कृष्ट वस्तूंच्या यादीत त्याला बसवले, आणि १९७९ साली इंग्रजांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत, एका अमेरिकन पाहुण्याने हे सॅलड मागितल्यावर त्याचा गंधही नसलेल्या हॉटेलमालकाची जी त्रेधा उडाली तिच्यावर एक संपूर्ण भाग रचला गेला. आमच्याकडे १९५४ साली मुंबईत निघालेल्या केटरिंगच्या शिक्षणसंस्थेसारख्या ठिकाणांहून तयार झालेल्या तरुणांनी फळांच्या सॅलडांचा नमुना म्हणून वॉल्डॉर्फचे नाव पाठ केले, आणि त्यांच्यामार्फत ते मोठ्या हॉटेलांच्या बुफेवर स्थिरावले. घरात मात्र फारसे आले नाही.

ते घरात आणायचे असेल तर पहिली अडचण सफरचंदाची आहे. सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ साली सिमल्याजवळ कोटगढ भागात अमेरिकेचे लाल डेलिशस आणून लावले, आणि त्या वंशाची गोड, लवकर मऊ पडणारी फळे आमच्या बाजारावर राज्य करीत आली. या सॅलडाला मात्र कडक व आंबट फळ हवे, म्हणून एक हिरवे ग्रॅनी स्मिथ आणि एक ताजे, करकरीत लाल अशी जोडी घ्यावी, आणि लालाची साल ठेवावी. चिरताच पेशी फुटून त्यांतील द्रव्ये हवेच्या संपर्काने काळी पडतात, म्हणून फोडींना लगेच लिंबाचा रस चोळावा. सेलरीचे दोन दांडे, बाहेरचे जाड धागे ओढून काढून, फोडींपेक्षा थोडे बारीक चिरावेत. पाव वाटी मेयोनेझ पुरते. ते जड वाटत असेल, किंवा घरात अंडे चालत नसेल, तर अंडेविरहित मेयोनेझ आणि बांधून घट्ट केलेला दह्याचा चक्का समभाग घ्यावा, त्यात चिमूटभर साखर व मिरपूड असावी. मीठ शेवटपर्यंत राखून ठेवावे, कारण मीठ लागले की सफरचंद आणि सेलरी दोन्ही पाणी सोडतात आणि दाट मिश्रणाचे ताक होते. अर्धी वाटी अक्रोड मंद आचेवर कोरडेच भाजून, गार करून, हातानेच मोडावेत. सुरीने चिरले तर त्यांचा भुगा मेयोनेझला मळकट रंग देतो. सारे एकत्र करावे ते पाने मांडली गेल्यावर, आणि अक्रोड त्यातही सर्वांत शेवटी, नाहीतर त्यांचा खुसखुशीतपणा जेवणाच्या पहिल्या घासापर्यंतही टिकत नाही.