भिंतीआडचा झाडू

घर झाडणें म्हणजे घरांतील धूळ बाहेर काढणें, असा आपला समज असतो. वस्तुतः झाडूच्या फटक्यानें धूळ उडते, झाडणाराच्या नाकातोंडांत शिरते आणि घटकाभरानें पुनः त्याच सतरंजीवर येऊन बसते. या धुळीला भिंतीच्या आंतून कायमची वाट करून देण्याचा जो उद्योग झाला, त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१९०१ सालची गोष्ट. वाऱ्याच्या झोतानें धूळ उडविणारें एक यंत्र लंडनमध्यें ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनें पाहिलें. फुंकण्याऐवजीं धूळ ओढून कां घेत नाहीं, असें त्यानें विचारलें. तें अशक्य आहे, असें उत्तर मिळालें. तेव्हां बूथनें एका उपाहारगृहांतील मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावून श्वास ओढला. त्याचा जीव गुदमरला, पण कल्पना खरी ठरली! त्याच वर्षीं त्यानें पेटंट घेतलें. त्याचा अवजड पंप घोडागाडीवरून दारापाशीं येई आणि लांब नळ्या खिडक्यांतून आंत सोडल्या जात. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे अशाच यंत्रानें साफ झाले.

पण यंत्र दारीं आणण्यापेक्षां तें घरांतच कां नसावें? १९०२ सालींच अमेरिकेंत डेव्हिड केनी यानें पिट्सबर्गच्या फ्रिक इमारतींत ४,००० पौंड वजनाचें वाफेचें यंत्र बसवून त्याचे नळ इमारतीच्या सर्व भागांत नेले. पुढें श्रीमंतांच्या घरांतही तळघरांत पंप, भिंतींत लोखंडी नळ आणि खोल्यांतून नळाचीं तोंडें, अशी योजना होऊं लागली.

येथें परीक्षा पंपाइतकीच नळ बसविणाऱ्या कारागिराचीही होती. पाणी खडबडीत नळांतूनही वाहतें. केस आणि दोरे मात्र बारीकशा कडेला अडकतात, त्यांवर कचरा सांचतो आणि नळ तुंबतो. म्हणून नळ कापल्यावर त्याची आंतली कड घांसून गुळगुळीत करावी लागते. वळण लांब व सैल ठेवावें लागतें. शाखा हवेच्या ओघाच्या दिशेनें तिरपी जोडावी लागते. आखूड वळण शोभतें तें भिंतींतील तोंडाच्या लगेच मागें. मोठी वस्तू चुकून आंत गेलीच, तर ती तेथेंच हाताशीं अडकावी.

१९०८ सालीं जेम्स मरे स्पँग्लर या ओहायोंतील झाडलोट करणाऱ्या माणसाला विजेच्या लहान यंत्राचें पेटंट मिळालें. धुळीनें त्याचा दमा बळावत असे. त्याचे हक्क हूव्हर यांनीं घेतले आणि हें यंत्र घरोघरीं गेलें. भाडेकरूला भिंत फोडतां येत नाहीं. यंत्र मात्र उचलून नेतां येतें. भिंतींतील नळ मागें पडले ते मुख्यतः यामुळेंच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हलक्या प्लॅस्टिकच्या नळांनीं त्यांना पुनः दिवस आणले. आज अमेरिका व कॅनडा येथील अनेक घरांत सुमारें २ इंच व्यासाचे असे नळ असतात. नियम मात्र जुनाच आहे. सरस नळाच्या बाहेरच्या अंगास लावावयाचा, जोडाच्या आंत नव्हे. नाहींतर त्याचा ओघळ आंत सुकतो आणि पहिला केस तेथेंच अडकतो.

आपल्याकडेही आतां पाण्याचे व विजेचे नळ भिंतींत गाडले जातात. गिलावा झाल्यावर कारागिराची चूक दिसत नाहीं, आणि सुधारावयाची तर भिंत फोडावी लागते. म्हणून, श्रोतेहो, घर बांधतांना रंग पाहावयास जाल तेव्हां जा. पण गिलाव्यापूर्वीं एकदां अवश्य जा.