ठिणगी कुठे गेली?

नांगर माती उलटवतो, टिलर ती घुसळतो. इंजिनाच्या जोरावर जमिनीत पाती फिरवून बघणाऱ्यांपैकी एक होता आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड. ऑस्ट्रेलियातल्या गिलगँड्रा इथे 1912 मध्ये त्याने वडिलांच्या शेतावर हा प्रयोग केला. सुरुवातीला माती बाजूला उडायची. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली पाती बसवल्यावर तो प्रश्न सुटला. 1922 मध्ये त्याने यंत्रं विकायला कंपनी काढली.

परसबागेत टिलर यायला मात्र इंजिन हलकं व्हावं लागलं. मिलवॉकीची ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही 1908 ची कंपनी. तिने 1953 मध्ये ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन आणलं. अमेरिकेतल्या माझ्या घराच्या शेडमध्ये आधीच्या मालकाने ठेवून दिलेल्या टिलरवर याच कंपनीचं इंजिन आहे. त्याच्या पत्र्यावरचा मॉडेल नंबर 8 ने सुरू होतो. म्हणजे सिलिंडर साधारण 8 घनइंचांचा, 130 सीसीच्या आसपास. नंबर वाचता आला की अर्धी ओळख तिथेच होते.

मी इंजिनाला पहिल्यांदाच हात लावत होतो. दोरी ओढली की ते फिरायचं, पण साधं फुरफुरतही नव्हतं. नवा प्लग लावला, तरी ठिणगी नाही. मग फ्लायव्हील उतरवलं. त्याखाली पॉइंट होते, जुन्या स्कूटरवाल्यांच्या ओळखीचे.

फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलजवळून गेलं की तिच्यात वीज वाहू लागते. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, आणि त्या झटक्याने हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. माझ्या इंजिनात पॉइंटवर करडा थर साचला होता. ते मिटूनही वीज वाहत नव्हती, मग तुटणार काय? बारीक पॉलिश पेपरने ते घासले, कोऱ्या कागदाने पुसले, उघडल्यावरची फट अर्धा मिलिमीटर ठेवली. ठिणगी आली.

1982 मध्ये याच कंपनीने मॅग्नेट्रॉन नावाची इलेक्ट्रॉनिक कॉइल आणली आणि पॉइंट गेले. आता थर साचत नाही, फट मोजावी लागत नाही. ती कॉइल बऱ्याच जुन्या इंजिनांवरही बसते. रोज टिलर चालवणाऱ्याने तीच घ्यावी. पण ती बिघडली तर उघडून पाहण्यासारखं आत काही नसतं. ती काढायची, दुसरी लावायची. काम लवकर होतं, फक्त बिघाड कशाचा होता हे शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून कोणाला इंजिन शिकायचंच असेल, तर त्याने पॉइंटवालं एखादं जुनं इंजिन शोधावं. त्यातला बिघाड डोळ्यांना दिसतो.